हाऱ्यातला रेशनचा तांदूळ

महाडच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि तिथल्या आमच्या मंडळीत नव्या भाताचा सण असतो. झोडणी आटोपली, भात गिरणीवरून भरडून आलं, की नाताळच्या आधीचा एखादा रविवार पाळकसाहेब जाहीर करतात. त्या दिवशी वेदीच्या टेबलापुढे हारा ठेवतात, म्हणजे बांबूची मोठी टोपली. पहिलं गीत सुरू झालं की ज्यांची शेती आहे ते एकेक करून पुढे येतात आणि आपल्या घरचा तांदूळ त्यात ओततात. गीत संपलं की प्रार्थना, आणि मग तो हारा उचलून आम्ही बायका थेट मागच्या चुलीवर नेतो. सगळ्यांचा तांदूळ एका टोपात शिजतो, सगळी मंडळी एका टोपातलं जेवते. बाकीच्या ठिकाणी असं करतात की नाही मला ठाऊक नाही. आम्ही करतो.

माझं शेत नाही. होतं, ते हायवे रुंद झाला त्यात गेलं. म्हणून मी तांदूळ ओतत नाही, मी तो शिजवते. पोलादपुरात आमचं घर, पण सणाच्या दिवशी मी उजाडता उजाडता महाडला पोचलेली असते, कारण एवढा मोठा जर्मनचा टोप चुलीवर चढवायचा म्हणजे काय चेष्टा नाही. माझे गुडघे कुरकुरतात, सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून आणले की चार दिवस गप्प बसतात. पण त्या दिवशी गुडघ्यांचं मी ऐकतच नाही. शिक्षण म्हणाल तर माझं चौथी. पुढचं वाचायला शिकले ते गीतांच्या पुस्तकावरून, म्हणून अजून वाचताना माझी मान डुलते असं आमचे हे म्हणतात. तेव्हा हे लिहिणं काही शिकल्यासवरल्या बाईचं नाही. बसल्या जागी सांगावं तसं सांगते आहे, तसंच ऐका.

तर या हाऱ्याचा एक नियम आहे. तांदूळ यंदाचाच हवा, आणि ज्या शेतात तुमचे पाय चिखलात गेले त्या शेतातलाच हवा. हा नियम कुठल्या शास्त्रात नाही, तो चुलीतून आला आहे. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चटकन मऊ होतो, जुना तांदूळ पाणी मागतो आणि वेळ मागतो. दोन्ही एका टोपात पडले की निम्म्याचा चिकटा होतो आणि निम्मा दाताखाली कचकचतो. आमच्या सासऱ्यांच्या वेळी एकदा तसं झालं होतं म्हणे, तेव्हापासून म्हाताऱ्यांनी नियम घातला. पुढे पुढे त्या नियमाला देवाधर्माचा रंग चढला. नवा तांदूळ म्हणजे पूर्ण मन, जुना तांदूळ म्हणजे अर्धं मन, असं सगळे बोलायला लागले.

सगळ्यांत जास्त बोलायच्या त्या आमच्या वन्सं. माझी थोरली नणंद. कापड्याच्या वर डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे राहतात. यजमान गेले, मुलगे मुंबईत नोकरीला. वाडीत ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचं, पण शेजारणींशी एवढा घरोबा की कुणाच्या गाईला वासरू झालं की पहिला खरवस वन्संकडे. आवाज पहाडी. देवळात बसल्या आणि गीताला सुरुवात केली की पेटीवाल्याने त्यांच्या सुराला आपली पट्टी लावायची, उलट नाही. हाऱ्यात पहिला तांदूळ त्यांचा. मी सांगते आहे त्याच्या आदल्या वर्षी एका बाईने घाईत दुकानातला तांदूळ आणला तर वन्संनी भर गीतात तिचा हात धरला होता.

"हा दुकानदाराचा हाय गो. देवाला तुझा पायजे."

ती बाई बिचारी पिशवी घेऊन जागेवर जाऊन बसली. पुढचे कितीतरी रविवार आलीच नाही.

दर वर्षी आम्ही दोघी बरोबर जातो. वन्सं कापड्याहून पहाटेच्या एसटीने पोलादपूरला उतरतात, मग तिथून आम्ही मिनीडोअर, म्हणजे मोठी रिक्षा करतो, कारण माझ्याबरोबर झारे, डाव, रोवळ्या असा संसार असतो. मिनीडोअर सुरू झाली की वन्सं मांडीवरची पिशवी सोडतात आणि माझ्या नाकाशी धरतात.

"वास घे गो."

मी वास घेते आणि म्हणते, "वा वन्सं, यंदा काय घमघमतोय!" हे आमचं ठरलेलं. मग त्यांचं सुरू होतं, की कुठल्या खाचरातला, कधी कापला, रानडुकरांपासून कसा राखला. महाड येईपर्यंत ते पीक माझ्यापुढे पुन्हा एकदा उगवून कापून होतं.

त्या वर्षी पिशवी सुटली नाही. वन्संनी ती मांडीवर घट्ट धरली होती आणि बाहेर बघत होत्या. मीच म्हटलं, "वन्सं, वास नाय देत यंदा?"

"देवाला जातोय तो. तुला कशाला वास?"

मला वाटलं, मुलांशी काही फोनवर वाजलं असेल. त्या सहसा गप्प बसत नाहीत, आणि बसल्या तर विचारायची सोय नसते.

देवळात गीत सुरू झालं. वन्संनी सुरुवात केली, पण आवाज खालचा. पेटीवाला गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. मग त्या उठल्या, सगळ्यांच्या आधी जाऊन तांदूळ ओतला आणि पटकन जागेवर आल्या. मागून बाकीचे गेले. त्या वर्षी एका घरची नवी सून पहिल्यांदाच ओतणार होती. आंबेनळी घाटाच्या पलीकडची पोर, लग्नाला दोन-तीन महिने झालेले. डोक्यावरचा पदर सावरत, लाजत लाजत ती गेली आणि एवढ्या हळू ओतला की जसं काही हाऱ्यात कुणी तान्हं झोपलं आहे.

प्रार्थना झाली. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि आम्ही चौघी-पाचजणी हारा घेऊन मागे गेलो. मागे बोअरिंग आहे, तिथे एकजण हापसायला, मी धुवायला. बाहेर लाउडस्पीकर लावलेला, त्यामुळे उपदेश आम्हालाही ऐकू येत होता. विषय होता, परमेश्वरावर पूर्ण मनाने प्रीती करणं.

टोपात तांदूळ घातला, पाणी सोडलं, हात फिरवला, आणि बघते तर वर पांढरे पांढरे दाणे तरंगत होते.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. हल्ली रेशनच्या तांदळात औषध घातलेले दाणे मिसळतात, रक्त वाढावं म्हणून. चांगलीच गोष्ट आहे. पण ते दाणे पाण्यात वर येतात, आणि आमच्याकडे सगळे त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात. कितीही समजावा, प्लास्टिकच म्हणणार. शेतातल्या तांदळाचा दाणा असा तरंगत नाही. म्हणजे कुणीतरी प्रभूच्या हाऱ्यात रेशनचा जुना तांदूळ ओतला होता.

"अगो बाय, प्लास्टिक!" हापसणारी ओरडली.

"हळू गो, आत उपदेश चाललाय!"

"उपदेश कसला, इथं बघ काय चाललंय!"

स्पीकरमधून पाळकसाहेब म्हणत होते, "अर्धवट मनाने आणलेलं दान..." आणि आम्ही सगळ्या टोपात डोकी घालून बसलेल्या. आमच्यात एक शेजारीण असते, देवळाला लागूनच तिचं घर. ती काही ख्रिस्ती नाही, पण चूल पेटवायला दर वर्षी हक्काने येते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो, यंदा तुमच्या देवाचं रेशनकार्ड निघालं काय?"

एवढं हसू आलं की मला पदर तोंडात कोंबावा लागला. पण हसू ओसरल्यावर प्रश्न उरलाच. कुणी ओतला?

आणि मग जे व्हायचं तेच झालं. नवी सून मदतीला म्हणून मागे येऊन उभी होती. एकीने तिच्याकडे बघितलं, मग दुसरीने बघितलं.

"घाटावरची पोर ती. भाकरीतली. तिला तांदळातलं काय कळतं?"

तिची सासू कानकोंडी झाली. "अगो, मी तुला कणगीतला काढून दिला होता ना?"

"त्योच आणला की आत्याबाई," पोरगी म्हणाली. "पिशवी तुमीच बांधून दिली. म्या त्योच वतला."

"मग हा कुठनं आला? उडून आला?" हापसणारी म्हणाली. तिला वाईट बोलायचं नव्हतं, पण तिचं तोंड बोअरिंगसारखं आहे, एकदा हापसलं की येतच राहतं. "खोटं कशाला बोलायचं गो? नवी हायस, चुकलं असंल, सांगून मोकळी हो."

पोरीचे डोळे भरून आले. "देवाच्या दारात म्या खोटं कशाला बोलू?" एवढं म्हणून ती बोअरिंगच्या खांबाला टेकली.

मी हात पुसले. मला पिशवी आठवली होती, मांडीवर घट्ट धरलेली. मी इकडेतिकडे बघितलं. वन्सं मागच्या दाराच्या पायरीवर नारळ खवत होत्या. एवढा गलका चाललेला आणि त्यांनी मान वर केली नव्हती. ज्या बाईने रेशनचा दाणा बघून सगळं देऊळ डोक्यावर घेतलं असतं, ती नारळ खवते आहे, आणि नारळ खवून खवून करवंटीपर्यंत आलेला, खोबऱ्यात काळं पडायला लागलेलं.

मी जाऊन शेजारी बसले. "वन्सं, पुरे. करवंटी खवताय."

त्यांनी विळी बाजूला केली. माझ्याकडे बघितलं नाही.

"वरच्या पऱ्याला लोंढा आला नि बांध फुटला गो," हळूच म्हणाल्या. "ऐन पावसात. डोंगरातला दगडगोटा सगळा माझ्या खाचरात येऊन बसला. लावलेलं सगळं गाडलं गेलं. यंदा एक लोंबी नाय माझ्या घरात."

"आणि आम्हाला सांगितलं नाय? भावाला पण नाय?"

"भावाला सांगितलं की भाच्यांना कळणार, त्यांच्याकडून माझ्या मुलांना. मुलांना कळलं की ते येणार आणि मला गाडीत घालून मुंबईला नेणार. दोन वर्षं तेच चाललंय, आई शेत सोड, आई घराला कुलूप लाव. शेत नाय म्हटलं की माझ्याकडे बोलायला काय उरतं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "रिकाम्या हाताने कशी येऊ? कधी आले नाय. घरात जेवढा होता तेवढा सगळा आणला. डबा झाडून आणला गो. फक्त तो रेशनचा होता."

महिन्याचा तांदूळ झाडून आणलेला! त्याला अर्धं मन कोण म्हणेल? मी नाही म्हणणार. पण समोर ती पोर बोअरिंगच्या खांबाला टेकून उभी होती आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"सांगू नको गो," वन्सं म्हणाल्या.

"मी नाय सांगणार वन्सं. तुमचं आहे ते. पण ती पोर आता पुढच्या रविवारी येणार नाय."

वन्संना आदल्या वर्षीची ती पिशवी घेऊन परत बसलेली बाई आठवली असावी. मला तरी आठवली. मग वन्संनी पदर खोचला आणि उठल्या.

"काय गो, तिच्याकडे काय बघताय?" तो पहाडी आवाज परत आला होता. "तो तांदूळ माझा हाय."

हापसणारी हापसायची थांबली. शेजारीण म्हणाली, "काय मस्करी करता आत्ती."

"मस्करी कसली? शेत दगडाखाली गेलं. रेशनचा होता तो आणला आणि गपचूप ओतला. ही पोर खरं बोलत होती, मी ऐकत बसले होते." मग त्या पोरीजवळ गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोबऱ्याचा हात, केसात सगळा कीस. "रडू नको गो. मी म्हातारी खोटी निघाले, तू नाय."

पोरगी म्हणाली, "असूं दे वो आत्ती." आणि मग आणखीच रडली.

मला वाटलं झालं. बायकांत खरं सांगून झालं, पोरीवरचं बालंट गेलं, आतल्या पुरुषमाणसांना कळायची गरज नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. वन्सं म्हणाल्या, "चुलीपाशी सांगितलेलं अर्धं झालं. ओतला होता आत."

उपदेशानंतर आमच्याकडे साक्षीची वेळ असते. ज्यांच्यासाठी प्रभूने काही केलं ते उभं राहून सांगतात. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मुलाला एमआयडीसीत काम लागलं. वन्सं उभ्या राहिल्या. मी मागच्या खिडकीतून बघत होते, हातात डाव तसाच.

"यंदा प्रभूने मला पीक दिलं नाय," त्या म्हणाल्या. "दिलं नाय तर दिलं नाय, तो मालक हाय. पण मी तुमच्यापुढे दिलं असं दाखवलं. देवाला मी सगळं दिलं, त्यात खोट नाय. खोट केली ती तुमच्याशी. देवाला ठाऊकच होता तांदूळ कसला ते, तुम्हालाच ठाऊक नव्हतं. आणि मागल्या वर्षी मी जिचा हात धरला तिची माफी मागते, आज आली असंल तर." ती आली होती. तिने मान खाली घातली आणि हसली. "आता माझ्या मुलांना कुणी फोन करायचा असंल तर करा. मी जाईन मुंबईला. पण मला इथंच राहायचं हाय, हे पण खरं हाय, ते पण सांगते."

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलेलं होतं. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ, जे साक्षीच्या वेळी हमखास डुलक्या घेतात, ते म्हणाले,

"दगड केवढाले हायत?"

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"शेतातले दगड गो. माणसाला हलतील असे हायत, का जेसीबी लागंल?"

सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबसुद्धा. आणि मग पाळकसाहेबांनी खिडकीकडे बघून विचारलं, कारण त्यांचाही सकाळपासून उपासच, "मग आता भाताचं काय?"

भाताचं मी ठरवून ठेवलं होतं. नवा आणि जुना एकत्र शिजत नाही हे खरं, पण ते सुट्या भाताचं. पेज केली तर सगळं एक होतं. मी पाणी वाढवलं, मीठ घातलं, आच कमी केली आणि घोटत बसले. तास-दीड तास. मुंबईहून आलेले पाहुणे सणाचं जेवण मिळेल म्हणून आले होते. त्यांच्या पानात पेज, वालाची उसळ आणि सुक्या बोंबलाची चटणी. एकाने विचारलं, "हे इथलं ट्रॅडिशनल आहे का?" मी म्हटलं, "आजपासून." आत रेशनचा दाणा कुठला आणि शेतातला कुठला, मला शिजवणारीलाही सांगता आलं नसतं. घाटावरच्या सुनेने दोनदा मागून घेतली. वन्सं तिच्या शेजारी बसल्या होत्या आणि तिला बोंबलाचा काटा कसा काढायचा ते शिकवत होत्या.

मुलांना अर्थातच कळलं. मंडळीत माणसं कमी, मोबाईल जास्त. ते नाताळला आले, आईवर रागावले, मग शेत बघायला गेले आणि तिथे अर्धी मंडळी आधीच पहारी-घमेली घेऊन उभी. महाडची नोकरदार माणसं, हाताला लगेच फोड. वाडीतले शेजारी बांधावर बसून सुरुवातीला गंमत बघत होते. मग त्यांना राहवेना, तेही उतरले. सगळ्यांत पुढे कोण, तर ती घाटावरची सून. असे दगड उचलत होती की बघत राहावं.

वन्सं म्हणाल्या, "गो, कंबर मोडेल, हळू."

"आत्ती," ती म्हणाली, "आमच्या माहेरात शेतात दगडंच पिकत्यात. ह्ये तर बारकं पीक हाय."

त्याच दगडांचा तिने बांध रचून दाखवला. एकावर एक, मध्ये बारीक कपचे ठासून. मुलांनी आईला मुंबईला नेलं नाही. म्हणजे विचारलं, पण घमेलं हातात असताना विचारलं, त्यामुळे वन्संनी ऐकू आलं नाही असं केलं.

तो बांध पुढच्या पावसात राहिला. भात झालं, फार नाही, पण झालं. सणाच्या दिवशी वन्सं एसटीतून उतरल्या त्या हातात दोन पिशव्या घेऊन. एक मोठी, एक लहान. लहान पिशवीत रेशनचा होता. पेजेला लागतो म्हणाल्या. आता आमच्या सणाला भाताच्या टोपाशेजारी पेजेचा एक टोप असतो, आणि त्यात ज्याला जो वाटेल तो तांदूळ घालायची मुभा आहे, दुकानातलासुद्धा. फक्त ओतताना मोठ्याने सांगायचं, कसला आहे ते. पोरंसोरं मजेने ओरडून सांगतात.

त्या दिवशी मिनीडोअर सुरू झाली. वन्संनी मोठी पिशवी सोडली आणि माझ्या नाकाशी धरली.

"वास घे गो."

मी जोरात श्वास ओढला. पण आठवडाभर मला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. एवढी वर्षं जे बोलत आले ते तोंडावर आलंच होतं, पण म्हटलं, आता या बाईपुढे कसं बोलावं?

"खरं सांगू वन्सं? काहीच वास येत नाय."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग एवढ्या हसल्या की मिनीडोअरवाल्याने मागे वळून बघितलं.

"मेले," त्या म्हणाल्या, "आज एक दिवस खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?"